भिंतीत गाडलं जातं ते आधी

किल्लारी, सास्तूर, औसा, लोहारा, उमरगा या पट्ट्यात जो कुणी घर बांधायला काढतोय, किंवा लातूरला बिल्डरकडे रो-हाऊस बुक करतोय, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. नकाशा ठरतो, इसार दिला जातो आणि मग एक दिवस गुत्तेदार नाहीतर बिल्डरचा माणूस नमुने घेऊन समोर बसतो. हॉलला मोठी व्हिट्रिफाइड टाइल घ्यायची का, ओट्याला कडप्प्याऐवजी ग्रॅनाइट लावायचा का, छताला पीओपी, दर्शनी भिंतीला दगडी क्लॅडिंग, बाथरूमला काचेचं पार्टिशन. प्रत्येकाला ‘थोडेच जास्त’ लागतात. ही थोडी-थोडी भर लाखांत कधी जाते ते कळत नाही. हात रिकामा होतो तेव्हा कॉलमच्या लोखंडाचा आणि अर्थिंगचा विषयही निघालेला नसतो.

माझं सांगणं एकच आहे. जास्तीचा पैसा आधी अशा कामात घाला, जे एकदा पायात, भिंतीत, स्लॅबमध्ये गाडलं गेलं की परत काढता येत नाही. टाइल दहा वर्षांनी बदलता येते. पीओपी पोरगा नोकरीला लागल्यावर करता येतं. पाया मात्र बदलता येत नाही, आणि कॉलममधल्या रिंगा कुणी पुन्हा बांधून देत नाही.

ही गोष्ट किल्लारीच्या माणसाला सांगायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमाराला, ६.२ तीव्रतेच्या भूकंपात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे ८,००० माणसं गेली. बहुतेक सगळी झोपेत, आपल्याच घराखाली. ती घरं दिसायला दणकट होती. चांगल्या रुंद दगडी भिंती, वर माळवद. पण त्या भिंतीचा आडवा छेद घेतला असता तर आत काय होतं? बाहेरच्या अंगाला एक दगडाचा थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, आरपार जाणारा दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. जमीन हलली आणि दोन थर एकमेकांपासून सुटले. वर माळवदाची फूट-दोन फूट माती, जी पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी थोडी थोडी वाढवत नेलेली. म्हणजे घराची काळजी घ्यायची म्हणून टाकलेली भरच अंगावर आली. भरभक्कम दिसणं आणि भक्कम असणं यातला फरक या भागाने ज्या किमतीला पाहिला, तेवढी किंमत कुणीच देऊ नये.

नंतर जागतिक बँकेच्या मदतीने सरकारने मोठं पुनर्वसन केलं. ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या हिशेबाने मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्याला ७५०. शेकडो इतर गावांत जुनी घरं दुरुस्त करून मजबूत करायला नुकसानीच्या हिशेबाने पैसे मिळाले. जुन्या भिंती मजबूत करायच्या रीती मिस्त्र्यांना शिकवल्या गेल्या: भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात, माळवदाची माती कमी करायची, सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. त्या वेळी अनेक कुटुंबांनी जुन्या घरात पैसे न घालता विटांची एक नवी खोली बांधणं पसंत केलं. मला त्यांचा निर्णय समजतो. ज्या दगडांनी घरातली माणसं नेली, त्यांच्याखाली पुन्हा झोपायची कुणाची छाती होती? स्वयं शिक्षण प्रयोगसारख्या संस्थेबरोबर गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या, बांधकामाची देखरेख करायला शिकल्या. घराच्या कामात बाईला मिस्त्रीशी बोलायचा हक्क आणि जाण दोन्ही असतात, हे तेव्हा या भागाने बघितलं आहे. आजही गुत्तेदाराशी बोलणी करायला एकटा पुरुष जाऊ नये. ओट्याची उंची, मोरीचा उतार, धुणं वाळायची जागा याबद्दल घरची बाई जे विचारते, ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येत नाही.

त्या २५० फुटांत आता तिसरी पिढी राहते. ओसरी नव्हती, जनावरांना जागा नव्हती, कणगी ठेवायला कोपरा नव्हता; म्हणून लोकांनी घरं वाढवली आणि वाढवायलाच हवी होती. पण या वाढीव कामांत जुनी चूक परतली. पुनर्वसनाच्या घराला पट्टे आहेत आणि त्याला टेकवलेल्या नव्या खोलीत पुन्हा मातीत रचलेला दगड आहे, असं अभ्यासकांनी टिपून ठेवलं आहे. जोडखोली जुन्या भिंतीला नुसती चिकटवू नका. तिला स्वतःचा पाया आणि जोत्याच्या, लिंटेलच्या, छताच्या पातळीवर स्वतःचे सलग पट्टे द्या. जुन्या घराशी ती जोडायची की मध्ये फट सोडायची, हे इंजिनिअरला ठरवू द्या.

कारण पहिली खरी ‘जास्तीची’ वस्तू म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी. मोठ्या टाइलच्या हट्टापेक्षा ती बहुधा स्वस्तच पडते. आपल्याकडे मिस्त्री अनुभवावर लोखंड ठरवतो. त्याचा हात चांगला असेल, पण भूकंपाचा हिशेब अनुभवाने येत नाही. १९९३ च्या आधी या भागात कुणाला तो अनुभव होता? तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा सगळा प्रदेश सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो तिसऱ्या विभागात आला.

लोखंडाचं थोडं जवळून सांगतो, कारण इथंच सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त मिळतं. कॉलमची पेटी लागायच्या आधी साइटवर जा. उभ्या गजांना आडव्या चौकोनी रिंगा बांधलेल्या दिसतील. रिंगेची दोन टोकं जिथं मिळतात तिथं बघा. टोकं नुसती काटकोनात वाकवली असतील तर जोराचा हादरा बसला की रिंग उघडते, उभा गज बाहेर फुगतो आणि कॉलम बसतो. टोकं १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या पोटात तिरकी आत वळलेली हवीत. आणि कॉलम जिथं बीमला मिळतो त्याच्या वर-खाली रिंगा दाट हव्यात, चार इंचांहून जास्त अंतर नको. हे करायला लोखंड थोडंसंच जास्त लागतं. लागतो तो मिस्त्रीचा वेळ. तो म्हणेल, “दादा, सगळीकडं असंच करतेत.” त्याला शांतपणे म्हणावं, “मामा, तुमची मजुरी वाढवून देतो, पण टोकं आत घ्या.” ही मजुरी द्या. सळई ५०० डी प्रतीची घ्या. तो ‘डी’ म्हणजे तुटायच्या आधी जास्त ताणली जाणारी. स्लॅबच्या लोखंडी जाळीखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवायला सांगा, दगडाची खपली चालणार नाही. काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून त्यात वरून पाणी मारू देऊ नका, आणि नंतर मात्र दोन आठवडे पाणी मारण्यात कसूर नको. आपल्या उन्हात तर नाहीच नाही.

पाया. तेरणाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या मातीतच पाया थांबवला तर भूकंपाची वाट बघायला नको, दोन पावसाळ्यांतच भिंती तडकतात. मुरूम किंवा टणक थर लागेपर्यंत खाली जा. तो किती खोल आहे हे ठरवणारा खड्डा काम ठरवायच्या आधी घ्या, म्हणजे ‘खोदाई वाढली’ म्हणून मध्येच बिल फुगत नाही. पुढं वरचा मजला चढवायचा विचार असेल तर तो आत्ता बोला. एका मजल्याच्या पायावर दोन मजले चढवण्यासारखी धोक्याची गोष्ट नाही, आणि पाया आत्ताच दोन मजल्यांचा घेणं हे मी सगळ्यात वरचं अपग्रेड धरीन. लातूरमध्ये फ्लॅट घेणाऱ्यांनी खाली पार्किंगसाठी नुसते खांब सोडलेली इमारत असेल, तर त्या खांबांचा हिशेब भूकंपासाठी वेगळा केला आहे का, हे लेखी मागावं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या होत्या.

आता वजन. स्लॅबवर ठेवलेली हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन. ती कॉलम-बीमवर बसली पाहिजे, आणि त्यासाठी टाकीची जागा स्लॅब पडायच्या आधी ठरली पाहिजे. शोभेसाठी गच्चीला विटांचा उंच कठडा, दाराच्या डोक्यावर जड दगडी कमान, पलंगाच्या उशाशी सामानाचा माळा, हे सगळं मला आपल्या भागात नको वाटतं. रात्री माणूस जिथं झोपतो त्याच्या डोक्यावर जड काही नको. यावर मी वाद घालायला तयार नाही. दर्शनी भिंत सुंदर हवी असेल तर रंगाने करा, जाळीने करा. हौस करूच नये असं माझं म्हणणं नाही. जन्मात एकदा घर होतं आणि आलेल्या पाहुण्याने ‘छान झालंय’ म्हणावं असं प्रत्येकालाच वाटतं. फक्त ती हौस वरवर लावता येण्यासारखी, उद्या काढता येण्यासारखी असू द्या.

हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत काढून देतो असं बिल्डर म्हणाला, तर ती भिंत भार घेते का हे इंजिनिअरकडून लिहून आल्याशिवाय होकार देऊ नका. कोपऱ्याला लागून खिडकी मागू नका. विटांच्या भारवाही घरात कोपराच सगळ्यात आधी फाटतो.

पाणी आणि वीज यांच्या बाबतीतही तोच नियम. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे लेकरांनाही आठवतं. मग हौद, गच्चीचं पाणी उतरवायची पाइप, आणि नळाचं गोड पाणी व बोअरचं पाणी यांच्या दोन वेगळ्या लाइनी हे आत्ताच करून घ्या. प्लास्टर झाल्यावर लाइन टाकायची तर भिंती फोडाव्या लागतात. विजेत लाइट-पंख्यापेक्षा गिझर आणि एसीची तार जाड, ४ चौरस मिलिमीटरची हवी. अर्थिंग नीट हवं आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, जो ओल्या हाताला झटका बसायच्या क्षणी वीज तोडतो. आणि गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामी पाइप भिंतीत सोडून ठेवा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. आज सोलरला पैसे नसतील, उद्या असतील.

घरकुलवाल्यांनाही हेच सांगणं. प्रधानमंत्री आवास (ग्रामीण) योजनेतले १.२० लाख आणि २५ चौरस मीटरचं घर. त्यात पदरचे वीस-तीस हजार घालणार असाल तर ते टाइलला न घालता पट्ट्यांना आणि कोपऱ्यातल्या उभ्या सळईला घाला.

आता कागद. तोंडी ठरलेलं जास्तीचं काम म्हणजे पुढच्या भांडणाची सोय. प्रत्येक वस्तूपुढे कंपनी, प्रत, माप, करासकट दर आणि मुदत लिहून घ्या. मूळ दरात धरलेली टाइल नाकारून महागडी घेतलीत तर मूळ टाइलचे पैसे वजा झाले पाहिजेत. ही वजावट मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला प्रकल्प असेल तर करार नोंदवण्याआधी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, मंजूर नकाशात किंवा ठरलेल्या वस्तूंत तुमच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. पण ताबा घेतल्यावर तुम्हीच भिंत फोडलीत तर बिल्डर त्याच फोडलेल्या भिंतीकडे बोट दाखवेल. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठ घरांपर्यंतचे लहान प्रकल्प या नोंदणीतून सुटतात, आणि गुत्तेदाराकडून स्वतःच्या जागेत बांधून घेतलेलं घर तर त्यात येतच नाही. तिथं स्टॅम्पवर सगळं लिहा, दोन साक्षीदार घ्या आणि पैसे कामाच्या टप्प्यांनी द्या: जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर. शेवटचा हप्ता गच्चीवर पाणी साठवून गळती तपासल्यावरच.

आणि प्लास्टर व्हायच्या आदल्या दिवशी मोबाइल घेऊन घरभर फिरा. प्रत्येक भिंतीला मीटर-टेप लावून आतल्या पाइपा आणि वायरिंगचे फोटो काढा, खोलीचं नाव बोलून व्हिडिओ करा, आणि घरातल्या दोघातिघांच्या फोनवर ठेवून द्या. पुढं कधी खिळा ठोकायचा, ड्रिल मारायचं किंवा नळ दुरुस्त करायचा झाला, तर मिस्त्रीला आधी तो व्हिडिओ दाखवा.