परिवारातली भांडणं आणि आपण

संघ परिवार म्हणजे एकसंध गट, वरून हुकूम सुटतो आणि खालपर्यंत सगळे तो पाळतात, असं आपल्या शिबिरांमधून बोललं जातं. आणि परिवारात वाद झाल्याची बातमी आली की ‘आता फूट पडणार’ म्हणून आपल्यातल्याच काहीजणी खूश होतात. मला या दोन्ही समजुती चुकीच्या वाटतात. नागपुरात काम करणाऱ्यांना तर त्या परवडणाऱ्याच नाहीत. इथे रेशीमबाग आहे, धंतोलीत राष्ट्र सेविका समितीचं देवी अहल्या मंदिर आहे, आणि आपण ज्या वस्त्यांमध्ये जातो तिथे त्यांच्याही कार्यकर्त्या जातात.

१९२५ साली संघ निघाला तो पुरुषांसाठी. बायकांच्या सहभागाचा प्रश्न लक्ष्मीबाई केळकरांनी डॉ. हेडगेवारांपुढे मांडला, तेव्हा त्यातून १९३६ मध्ये वर्ध्याला समिती ही वेगळी संघटना उभी राहिली. पुढे १९५५ मध्ये मजदूर संघ आणि १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषद निघाली. प्रत्येकीला आपापली माणसं सांभाळायची आहेत. कुणाला कामगार, कुणाला साधू-महंत, कुणाला मतदार. म्हणून त्यांचे वाद खरे असतात, नुसतं नाटक नसतं. प्रश्न एवढाच की त्या वादात बाई कुठे आहे? ती बोलते आहे, की तिच्याबद्दल दुसरेच बोलताहेत?

मंदिरप्रवेशाचं पाहा. मार्च २०१६ मध्ये नागौरच्या बैठकीत संघाने बायकांना मंदिरात मज्जाव करणाऱ्या रूढी अन्याय्य ठरवल्या. पुढच्याच महिन्यात गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला, पण तो न्यायालयाचा निकाल आणि बायकांचं आंदोलन यांमुळे. सप्टेंबर २०१८ मध्ये शबरीमलाचा निकाल आला. केरळात भाजप निकालाविरुद्ध रस्त्यावर उतरला, आणि ऑक्टोबरमध्ये रेशीमबागेतल्या विजयादशमीच्या भाषणात सरसंघचालकांनीही परंपरेचा विचार झाला नाही, अशी टीका केली. जी रूढी दोन वर्षांपूर्वी अन्याय्य होती, ती मतांचा आणि भक्तांचा प्रश्न येताच श्रद्धा झाली.

मुलं किती व्हावीत, यावरही त्यांचं एकमत नाही. २०१५ च्या जानेवारीत साक्षी महाराजांनी हिंदू बायकांना चार मुलांचा उपदेश केला, तेव्हा भाजपने त्यांना नोटीस दिली. २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात दोन अपत्यांच्या कायद्याचा मसुदा निघाला, तर एकाच अपत्यावर थांबणाऱ्यांना सवलती देण्याला विश्व हिंदू परिषदेनेच हरकत घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातल्या एका मेळाव्यात मोहन भागवतांनी तीन मुलांचा हिशोब मांडला. दोन, तीन की चार, हा वाद आहे; पण बाळंतपणं जिची, तिला विचारा असं यातला एकही गट म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. म्हणजे बायकांनी आपल्यापुरतं उत्तर देऊन टाकलं आहे.

पण काही वाद वेगळे असतात. १९९६ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक आलं तेव्हा उमा भारतींनी स्वपक्षाची पर्वा न करता ओबीसी बायकांसाठी वेगळा वाटा मागितला. २०२३ मध्ये कायदा झाला, तेव्हाही त्यांनी तेच मागितलं आणि ते मिळालं नाही. त्यांचं राजकारण आपलं नाही, अयोध्येतली त्यांची भूमिका तर मुळीच नाही. पण ‘कोणत्या बायका?’ हा त्यांचा प्रश्न आपल्या दलित-बहुजन मैत्रिणीही कधीपासून विचारताहेत. तसंच मजदूर संघाचं. २०२० मध्ये नव्या कामगार संहितांवरून त्याने स्वतःच्याच विचाराच्या सरकारविरुद्ध आवाज काढला. त्याच्याशी जोडलेल्या अंगणवाडी सेविकांनाही मानधन नको, वेतन हवं आहे. ही मागणी पोटातून आलेली आहे.

मग आपण काय करायचं? परिवार फुटेल म्हणून वाट पाहत बसायचं नाही. संघटना म्हणून त्यांच्याशी समझोताही नाही, कारण मुसलमान बाईला परकी ठरवण्याच्या मुद्द्यावर हे सगळे गट पुन्हा एका रांगेत येतात. पण हिवाळी अधिवेशनाच्या मोर्च्यात वेतनासाठी उन्हात बसलेल्या बाईला तिच्या झेंड्याचा रंग विचारायचा नाही. तिच्या मागणीला आपला आवाज द्यायचा, आणि त्याच वेळी शेजारच्या मोहल्ल्यातल्या सेविकेचीही मागणी तीच आहे, हे तिला दाखवायचं.

वस्तीत शिवणवर्ग चालवणाऱ्या समितीच्या बाईला आपण नुसतं ‘फॅसिस्ट’ म्हणून मोकळ्या झालो, तर वर्गात येणाऱ्या वीसजणी तिच्याच बाजूने उभ्या राहतील. नवऱ्याने मारून बाहेर काढलेल्या बाईला ‘घर सांभाळून घे’ असा सल्ला मिळतो, तेव्हा मात्र तिला दुसरं दार लागतं. ते दार आपलं असायला हवं, आणि रात्री बारालाही उघडं असायला हवं. त्यांच्या भांडणांचा फायदा आपल्याला व्हायचा असेल, तर तो असाच होईल.