पेला एक, पिणारे अनेक

‘माणूस आकड्यांत मावत नाही’ हे वाक्य साहित्याच्या वर्गांत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ तपासण्याची गरज कुणाला वाटत नाही. व्यसनाचा विषय निघाला की ते हमखास येते. मद्यासक्ती मोजणाऱ्या प्रश्नावल्या म्हणजे कारकुनी आणि ‘एकच प्याला’ म्हणजे मानवी सत्य, ही आपली वाटणी ठरलेली. ही वाटणी आळशी आहे, आणि तिची किंमत पिणाऱ्यांना व त्यांच्या घरच्यांना चुकवावी लागते. म्हणून हा आक्षेप.

गडकऱ्यांचे ते नाटक १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर वकिलीत झालेल्या अपमानाचा विसर पडावा म्हणून पितो. तळीरामाला असे निमित्त लागत नाही. नाटककाराने दोन पिणारे वेगळे रेखाटले. आपण शिकवताना मात्र पहिल्या प्याल्यापासून सर्वनाशापर्यंतचा एकच उतार शिकवला. म्हणजे मापाचा तिटकारा असलेले आपणही माप वापरतोच. फक्त आपल्या पट्टीवर दोनच खुणा आहेत, ‘सभ्य’ आणि ‘दारुडा’.

मोजणारे याहून पुढे आहेत का? आहेत, पण अर्ध्या वाटेपर्यंत. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली डीएसएम-५ मध्ये ‘दुरुपयोग’ आणि ‘अवलंबित्व’ ही दोन निदाने एकत्र करून अकरा निकषांची यादी केली. बारा महिन्यांत दोन-तीन निकष लागू पडले तर विकार सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा वा अधिक तर तीव्र. आता अकरांतून किमान दोन निकष निवडण्याचे प्रकार मोजून पाहा: २०३६ होतात. ‘सौम्य’ ठरलेल्या दोघांत एकही लक्षण समान नसणे सहज शक्य आहे. ठरवल्यापेक्षा जास्त पिणे याला एक गुण, आणि दारू थांबताच हात थरथरणे, भास होणे यालाही एकच गुण. या दुसऱ्या माणसाने वैद्यकीय देखरेखीवाचून एकाएकी दारू सोडली तर त्याच्या जिवाला धोका असतो. यादीने जे फरक पाहिले, ते बेरजेने पुसून टाकले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दहा प्रश्नांच्या चाचणीचे पाहा. गुण शून्य ते चाळीस; आठापासून धोक्याची सूचना. एकाला बारा गुण केवळ प्रमाणामुळे मिळतात, दुसऱ्याला अपराधी वाटणे, रात्रीचे न आठवणे, दुखापत यांमुळे. आकडा तोच. शिवाय चाचणीचा प्रमाण-पेला दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचा. आपल्याकडची व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, ४२.८ टक्क्यांची, तीत सुमारे साठ ग्रॅम, म्हणजे सहा पेले. ‘रोज एकच घेतो’ असे सांगणारा खोटे बोलत नाही. प्रश्नाची आणि उत्तराची भाषा वेगळी आहे, एवढेच. हातभट्टीच्या ग्लासावर तर टक्केवारीही छापलेली नसते. शब्द कोणाच्या तोंडी काय अर्थ घेऊन येतो हे ओळखणे कोणाचे काम? आपलेच ना?

यावर कुणी म्हणेल, मग मोजूच नये. हा निष्कर्ष उलटा आहे. एल्विन जेलिनेक यांनी १९४६ साली मद्यासक्तीच्या टप्प्यांचे चित्र मांडले, ते अवघ्या ९८ पुरुषांच्या प्रश्नावल्यांवरून. स्त्रियांची उत्तरे संख्येने थोडी आणि पुरुषांहून फार वेगळी, म्हणून त्यांनी बाजूला ठेवली. पिणारी स्त्री तेव्हा त्या चित्रातून गेली, आणि आपल्या ‘दारुडा’ या शब्दात तर ती कधी नव्हतीच. वेगळेपण दिसले ते मोजल्यामुळे. हरवले ते टाकून दिल्यामुळे.

माझी मागणी साधी आहे. चिकित्सकाने बेरजेवर थांबू नये. प्रमाण, ओढ, ताबा सुटणे, शारीरिक अवलंबित्व आणि घरादाराचे नुकसान ही पाच उत्तरे वेगवेगळी वाचावीत. कोणाला रुग्णालयात ठेवावे लागेल आणि कोणाला संवाद पुरेल, हे त्यावरून अधिक नीट कळते. आणि आपण, साहित्याच्या माणसांनी, ‘अमोजणीय वेदने’च्या आडोशाला उभे राहणे सोडावे. माणूस आकड्यांत मावत नाही हे खरे. पण तो आपल्या एका शब्दातही मावत नाही.