दुसरी सही

बँकेच्या नोकरीत पहिल्याच वर्षी एक नियम अंगी मुरवला जाई: व्हाउचर एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासायचे. लेजर लिहिणारा कारकून कितीही जुनाजाणता असो, अधिकाऱ्याच्या सहीवाचून त्याच्या नोंदीला किंमत नसे. त्यात अविश्वास नव्हता. माणूस थकतो, घाई करतो, भुलतो, हे गृहीत धरून केलेली ती व्यवस्था होती. 1984 साली रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा मांडला. यथावकाश लेजर गेले, परंतु संगणकावरही ‘मेकर’ आणि ‘चेकर’ हे दोघे कायम राहिले.

2016 मध्ये यूपीआय आले आणि बँक ग्राहकाच्या खिशात जाऊन बसली. सोय झाली हे नाकारता येणार नाही. डोंबिवलीच्या फडके रोडवर कोथिंबिरीची जुडी घेताना किंवा ठाण्यात रिक्षातून उतरताना सुट्ट्या पैशांवरून होणारी हुज्जत पुष्कळ कमी झाली. मात्र या स्थलांतरात दुसरी सही मागेच राहिली. आता ग्राहकच मेकर आणि तोच चेकर. चार किंवा सहा आकड्यांचा पिन हीच बहुधा त्याची सही. तीही भर उन्हात, मागचा गिऱ्हाईक घाई करीत असताना.

लहान त्रास तर रोजचेच. ॲप अद्ययावत झाले की ओळखीचे बटण जागा बदलते. पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. फोन म्हणतो पैसे गेले, दुकानदार म्हणतो आले नाहीत. अशा वेळी रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम ठाऊक असावा. दुकानदाराला दिलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही त्याच्याकडे निश्चिती पोहोचली नाही, तर ती पाच दिवसांत आपोआप परत यावी लागते. व्यक्तीला पाठवलेल्या रकमेसाठी ही मुदत एका दिवसाची आहे. त्यापुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

खरी चिंता निराळी आहे. भाजीवाल्यापाशी एखादी वृद्ध भगिनी फोन पुढे करते आणि कोणी तरुण सौजन्याने म्हणतो, “काकू, पिन सांगा, मी करून देतो.” हेतू चांगला असतो, पण सही दुसऱ्याच्या हाती जाते. जिने आयुष्यभर घरखर्चाचा हिशेब पैशापैशाने ठेवला, तीच स्वतःच्या पैशांसाठी नातवाची वाट पाहू लागते. पैशाच्या हानीपेक्षा हे परावलंबन अधिक बोचते.

फसवणुकीबाबत कायदाही येथेच भेद करतो. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य असते. मात्र पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. म्हणून पैसे *घेण्यासाठी* पिन कधीच लागत नाही, हे घरातील प्रत्येकाने पाठ करावे. संशय येताच बँकेला कळवावे आणि 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नवे यंत्र टाकून देण्याचा हट्ट व्यर्थ आहे. त्यापेक्षा हरवलेली दुसरी सही घरातच पुन्हा सुरू करता येईल. मुदत ठेवींचे व निवृत्तिवेतनाचे खाते यूपीआयला न जोडता महिन्याच्या खर्चापुरते वेगळे खाते जोडावे. पाठवण्यापूर्वी पडद्यावरील नाव मोठ्याने वाचावे. ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार, मग तो मुलाचा असो वा आजोबांचा, घरातील दुसऱ्या व्यक्तीने पाहिल्याशिवाय करू नये. कोणी “आत्ताच करा” म्हणून तगादा लावला, तर तेवढ्याच कारणासाठी तो व्यवहार उद्यावर टाकावा.

आणि तरुण मंडळींना एक विनंती. आजीच्या हातातून फोन घेऊ नका, तिच्याशेजारी बसा. बोट तिचेच चालू द्या, आपण फक्त तपासा. चेकरचे काम तेवढेच असते.