माळढोकाचा माळ आणि मेंढपाळाचा वाटा

मळणीच्या बैलाला मुसके घालण्यास मोशेच्या नियमशास्त्राने मनाई केली आहे. धान्य तुडविणाऱ्या मुक्या जनावराचाही त्या धान्यावर हक्क असतो. आपल्या माळरानावर मात्र माणसालाच मुसके घातले गेले, आणि तेही निसर्गरक्षणाच्या पवित्र नावाने!

१९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यातील वनजमीन थोडी व विखुरलेली. बाकी खाजगी शेते, गावठाणे, रस्ते. जमिनीच्या व्यवहारांवर, बांधकामांवर निर्बंध आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. म्हणजे सात हजारांहून अधिक चौरस किलोमीटरवरील कुटुंबांनी वर्षानुवर्षे वाहिलेले ओझे अनावश्यक होते, हे शेवटी मान्यच झाले. त्याची भरपाई कोणी दिली? आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, तो माळढोक आज नान्नजला क्वचितच दृष्टीस पडतो.

‘लोकांना वाटा दिला की वन संपते,’ असे शहरातील निसर्गप्रेमी ठासून सांगतात. त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) पाहावे. २००९ साली तेथील ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही तिच्या हाती आले. बांबूचा पैसा गावात आला, जंगलही उभे राहिले.

‘पण सोलापुरात जंगल आहेच कुठे?’ हा प्रश्न अज्ञानाचा आहे. आपले वन म्हणजे गवत. ते पडीक समजून त्यावर झाडे लावणे, हा उघड्या माळावर एकुलते अंडे घालणाऱ्या माळढोकावर अन्यायच. त्या गवतावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चारणाऱ्या धनगराला कुंपणाबाहेर काढले जाते. लांडगा त्याचे कोकरू नेतो, काळवीट शेतकऱ्याची ज्वारी खातो. नुकसानभरपाईसाठी पंचनामा, अर्ज आणि हेलपाटे. पर्यटक मात्र छायाचित्रे घेऊन संध्याकाळी परततो.

परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश व दरिद्री जनांचा आक्रोश वेगळे मानले नाहीत. आपण त्यातला पहिला तेवढा प्रवचनासाठी उचलला. रोपटे लावले, छायाचित्र काढले, झाले!

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे, आणि अभयारण्यातील वनजमीनही त्या कायद्यातून वगळलेली नाही. आदिवासी नसलेल्यांना पंचाहत्तर वर्षांची वहिवाट दाखवावी लागते; कागद कोठून आणणार? पण गावातील वडीलधाऱ्यांची लेखी जबानीही पुरावा म्हणून चालते. आपल्या धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी या वर्षी वृक्षारोपणाचा एक रविवार वगळावा, वही घेऊन मेंढवाड्यावर जावे आणि म्हाताऱ्यांच्या जबान्या लिहून घ्याव्यात. ते म्हातारे आणखी किती पावसाळे पाहणार?