वाट वाकडी करून

गौरी-गणपतींचें विसर्जन झाल्यावर पितृपक्ष लागण्यापूर्वीं जे चार-सहा दिवस मोकळे मिळतात, त्यांत गेल्या वर्षीं आम्ही घरचीं अकरा माणसें व्याडेश्वराच्या दर्शनास गुहागरास गेलों. व्याडेश्वर हें आमचें कुलदैवत. वाईहून महाबळेश्वर, तेथून आंबेनळी घाटानें पोलादपूर, पुढें खेड-चिपळुणावरून गुहागर, असा मार्ग ठरला. गाडी भाड्याची होती, आणि तींतील मुख्य अधिकारी मी. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास घंटेवांचून दिवस कंठतां येत नाहीं, हें आमच्या घरांतील लहानथोर जाणतात. म्हणून मीं प्रवासाचें वेळापत्रक करून त्याच्या प्रती वांटल्या, तेव्हां कोणी हंसलेंहि नाहीं. 'महाबळेश्वर, सव्वासात, चहा, दहा मिनिटें. प्रतापगड, गाडींतूनच दर्शन, दोन मिनिटें. गुहागर, बारा; अभिषेक.'

पांचगणी केव्हां मागें पडली, तें मला कळलें नाहीं. मी गाडीचा वेग आणि घड्याळ यांचें त्रैराशिक मांडीत होतों. जुन्या महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत मात्र मीं मुलांना पांच नद्यांचा पाठ दिला. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. कृष्णा पूर्वेस वळून सुमारें चौदाशें किलोमीटर चालते व बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री त्याच डोंगरावरून पश्चिमेस उतरते आणि बाणकोटच्या खाडीनें अरबी समुद्र गांठते. पाठ उत्तम झाला. नदी कोणींच पाहिली नाहीं.

घाट उतरूं लागल्यावर एका वळणावर समोरचा सबंध उतार निळा-जांभळा दिसला. मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी थोडी थांबवाल का? कारवी फुलली आहे."

"येतांना थांबूं, वहिनी. आतांच वीस मिनिटें उशीर झाला आहे."

वहिनी कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग अगदीं सहज म्हणाल्या, "लग्नाच्या वर्षीं ह्याच घाटानें आलों, तेव्हां ह्यांनींहि हेंच सांगितलें होतें, येतांना पाहूं. एस्. टी. ती, तिला तरी कोण थांबविणार! पण येतांना रात्र होती."

वहिनींना चौऱ्याहत्तरावें वर्ष चालू आहे. दादांना जाऊन तीन वर्षें झालीं. पुढें बसलेल्या माझ्या पुतण्यानें माझ्याकडे वळूनहि पाहिलें नाहीं. त्यानें चालकाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाडी उभी राहिली.

कारवी सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते, हें मीं पुस्तकांत वाचलें होतें. वहिनींना तिची सगळी कुळकथा ठाऊक होती. त्यांचें माहेर खेडाजवळचें. डोंगरावरचीं झुडुपें एकदम बहरतात, बीं धरतात आणि वाळून जातात. त्यांच्या काठ्या उभ्या बांधून, वर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती करीत. वहिनींच्या माहेरचा गोठा तसाच होता. कारवीचा मध दाट व काळसर असतो. हें सर्व त्या धाकट्या नातीला सांगत होत्या आणि मी दगडी कठड्यावर बसून घड्याळ पाहत होतों. खरें सांगावयाचें तर पहिला पाव तास मला फुलें दिसलींच नाहींत. गाडी थांबते, पण डोक्यांतली घंटा थांबावयास वेळ लागतो. हळूहळू मधमाशांचा गुंजारव कानीं आला. मग खालच्या दरींतून पाण्याचा आवाज. नातीनें विचारलें, "आजोबा, ही तुमची सावित्री का?" मला सांगतां येईना. त्या दरींत प्रत्येक घळींतून पाणी धांवत होतें.

तेथें बसल्या बसल्या मला मेघदूत आठवलें आणि थोडी लाजच वाटली. कालिदासाचा यक्ष विरहानें व्याकुळ झालेला, निरोप पोंचविण्याची निकड त्याच्याएवढी कोणास असणार? तरी तो मेघास विसाव्याच्या जागा सांगतो, आणि वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहून जा म्हणून आग्रह करितो. हा श्लोक मीं दरवर्षीं शिकविला. त्यांतील समास सोडविले, अलंकार दाखविले. त्या छत्तीस वर्षांत कारवीचे निदान चार बहर ह्या घाटांत येऊन गेले असतील. वाईपासून घाट दोन तासांवर.

गुहागरच्या गुरुजींना पुतण्यानें फोन केला. बाराचा अभिषेक चुकणार, याची मला मोठी धास्ती होती. गुरुजी म्हणाले, "सावकाश या, उद्यां सकाळीं करूं." एवढ्यावर तें प्रकरण संपलें. वहिनी तास-दीड तास तेथें बसल्या. मध्यें एकदां डोळ्यांना पदर लावला. आम्ही दोघांनीं, मीं आणि आमच्या कुटुंबानें, पाहून न पाहिल्यासारखें केलें. मग त्यांनींच डबा उघडला आणि दशम्या वांटल्या. माझ्या वेळापत्रकांत हें जेवण चिपळुणास होतें.

बहर संपल्यावर कारवीचीं बोंडें वाळून तशींच राहतात, आणि पावसाच्या ओलीनें फट् फट् वाजत फुटतात, असें वहिनी सांगतात. तो आवाज ऐकावयास मृगांत पुन्हां घाटांत जाण्याचें घरांत ठरत आहे. गाडींतील खिडकीजवळची जागा वहिनींनीं आतांच राखून ठेवली आहे.