हलके काम

दसऱ्याच्या सुमारास परभणी जिल्ह्यातील काळ्या रानांत कापसाची बोंडे फुटू लागतात आणि वेचणीला आरंभ होतो. बायका सकाळीच शेताची वाट धरतात. कमरेला ओटी बांधलेली, पाठ वाकलेली, दोन्ही हात बोंडांवर भराभर चाललेले, असे हे काम दिवसभर चालते. ओटी भरत जाते तसतसे कमरेवरील ओझे वाढते. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांत रुततात ती निराळीच. तरीही वेचणी आणि खुरपणी ही ‘हलकी’ कामे समजली जातात. नांगर धरणे, पोती उचलणे ही तेवढी जड!

हे हलके-जड कोणी मोजून ठरविलेले नाही. पुरुषांनी करावयाचे ते जड आणि स्त्रियांनी करावयाचे ते हलके, अशी ही रूढी आहे. आणि मजुरीचे दरही बहुधा तिच्याच आधाराने ठरत आले आहेत.

शरीर मात्र रूढी जाणत नाही. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला सुमारे ७० ते ८० ठोके देते. श्रम सुरू होताच स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो. तो रक्तावाटे पोहोचवावा लागतो, म्हणून हृदय वेगाने चालू लागते. फ्रान्समधील शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने १७९० च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यावर प्रयोग करून, श्रमाबरोबर प्राणवायूचा खप आणि नाडीचे ठोके दोन्ही वाढतात, हे दाखवून दिले. तेव्हा काम किती जड आहे याची साक्ष काम करणाऱ्याच्या हृदयाकडेच मागता येते.

ही साक्ष परभणीतच घेतली जाते. १९७२ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाला आज वसंतराव नाईक यांचे नाव आहे. त्याच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, शेतकरी स्त्रियांच्या श्रमांचा अभ्यास होतो. अशा अभ्यासात विश्रांतीच्या वेळचे ठोके आधी मोजतात, मग कामातले. आणि काम थांबल्यावर ते किती वेळाने पूर्ववत होतात हेही पाहतात.

नाडी सगळेच सांगते असे मात्र नव्हे. वाकून उभे राहिले की धडाचा भार कण्याच्या खालच्या भागावर येतो. पाठीचे स्नायू ताठ राहतात, त्यांतून रक्त नीट खेळत नाही, आणि नाडी फारशी वाढली नसली तरी पाठ भरून येते. म्हणून पाठीचा बाकही मोजावा लागतो.

‘बायकांची नाडी मोजण्यापेक्षा मोठमोठ्या शस्त्रक्रियांचे संशोधन करा,’ असे कोणी म्हणेल. शस्त्रक्रियेची थोरवी कोण नाकारील? परंतु शल्यवैद्याकडे पाठ जाते ती दुखावल्यानंतर. ती दुखावू नये हा विचार त्याआधीचा आहे आणि त्याला खर्चही थोडा लागतो. ओटीऐवजी खांद्यांवर भार घेणारी पिशवी, उभ्याने तण काढता येईल असे लांब दांड्याचे कोळपे, बोटांना हातमोजे, एवढीच ही साधने. घरात फवारणी यंत्र येते, ट्रॅक्टरही येतो. ही पिशवी मात्र येत नाही, कारण काय विकत आणावे हे वेचणारीला क्वचितच कोणी विचारतो.

संशोधकांनीही तिला विचारले पाहिजे. पुरुषाच्या मुठीच्या मापाचा दांडा तिच्या हाताला जाड होतो, पुरुषाच्या उंचीचे कोळपे तिला अवघड जाते. शिवाय वेचणीची मजुरी बहुधा किलोवर मिळते. हातमोज्याने बोटे वाचली, पण संध्याकाळच्या वजनात दोन किलो घट आली, तर तो हातमोजा दुसऱ्या दिवशी बांधावरच राहील. तेव्हा नाडीच्या आकड्याशेजारी कापसाचे वजनही मांडले गेले पाहिजे.