वर्गणीचा हिशेब

मंडळी, आपला मुलगा घाटकोपरला कारखान्यात असेल तर युनियनची वर्गणी भरत असेल. भरावीच, एकट्या कामगाराला कोण विचारतो? पण हिशेबही मागावा. अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या युनियनचा अध्यक्ष गॅरी जोन्स याने साथीदारांसह वर्गणीच्या पैशांवर गोल्फ, सिगार अन् बंगल्यांची चैन केली. अपहाराच्या खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२१ साली त्याला २८ महिन्यांची कैद झाली. सभासदांनी मात्र युनियन मोडली नाही. त्याच वर्षी मतदान घेऊन पुढारी थेट निवडण्याचा हक्क मिळवला. आपल्याकडे १९२६ च्या कायद्यानेच सभासदाला युनियनच्या हिशेबवह्या पाहण्याचा अधिकार दिला. गावच्या सोसायटीत आपण ताळेबंद विचारतो, तसा मुलालाही विचारायला सांगा. वही उघडली, तरच अपहार कोर्टापर्यंत पोचतो.